सरकती गाठ

जुनं जाळं उकळायला टाकलं की आधी त्यातून तलाव बाहेर येतो. पाणी काळपट हिरवं होतं, वर खवले तरंगतात, शेवाळाचा फेस पातेल्याच्या काठाशी जमतो, आणि मग कधीतरी तळाशी दोऱ्याचा मूळचा रंग दिसायला लागतो. मुंगीची आई काठीनं जाळं वरखाली करत होती. धुण्याच्या सोड्यानं तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि वाफ त्यांत शिरून झोंबत होती.

दारात बसलेले आबा, तिचे सासरे, मघापासून बघत होते.

"मासे संपले, आता जाळं शिजवतायत आमच्या सूनबाई," ते कुणाला तरी ऐकवल्यासारखं म्हणाले. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

"मीठ घालू का आबा, की अळणी चालेल?"

आबा हसले नाहीत, पण त्यांचा राग थोडा खाली बसला. ते जाळं त्यांनी विणलेलं होतं, हात थरथरायला लागायच्या आधी.

पावसाळा संपता संपता तलावात कुठून तरी घाण पाणी उतरलं होतं. एका सकाळी मासे पोट वर करून काठाला लागले आणि त्यानंतर मासेमारी बंद. कधी सुरू होणार हे कुणी सांगत नव्हतं. होड्या काठावर उपड्या पडल्या होत्या, उन्हानं त्यांचं डांबर तडकत होतं. मुंगीचा बाप गोदामात पोती उचलायला जायला लागला. जन्मभर ओढायची सवय असलेल्या खांद्याला वाहायची सवय नव्हती. संध्याकाळी सदरा काढताना तो कातडीला चिकटून यायचा आणि बायको कोमट पाण्यानं तो हळूहळू सोडवायची.

या सगळ्यात शहरातून थोरल्या जाऊबाईंचा फोन आला होता. मुंगीला माझ्याकडे ठेवा, त्या म्हणाल्या. इथली शाळा कुठं, तिथली कुठं. पोरीच्या जातीला चार अक्षरं नीट यायला नकोत का, आणि तुमचं तरी एक तोंड कमी होईल. मुंगीच्या बापानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की सुट्टीत येतोच आहोत, तेव्हा बघू.

फोन ठेवल्यावर तो बायकोकडे न बघता म्हणाला, "तिथं पोटभर जेवेल तरी."

"इथं काय उपाशी आहे?"

"तसं म्हटलं का मी?"

तसं म्हटलं नव्हतं. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. दर वर्षाच्या शेवटी, सुट्टीत, सगळे थोरल्या दिराकडे जमायचे. एकमेकांना भेटी द्यायचे. बाकीचे डबे, कपडे, खेळणी आणायचे आणि धाकट्याच्या, म्हणजे यांच्या घरून जायचा बर्फात घातलेला मोठा मासा. त्या माशाला तिथं मान होता. तो परातीत ठेवला की पोरं गोळा व्हायची, थोरला भाऊ त्याची लांबी हातानं मोजून दाखवायचा. त्यामुळे भेट म्हणून काही विकत घ्यायची वेळ या घरावर कधी आलीच नव्हती. यंदा मासा नव्हता. रिकाम्या हातानं गेलं तर यांचं काय चाललंय ते सगळ्यांना दिसेल आणि मग मुंगीला तिथं ठेवून यायला कुणी नको म्हणणार नाही, तिचा बापसुद्धा. हे तिला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून तिनं जाळं उकळायला घेतलं होतं.

आधी तिला वाटलं होतं जाळ्याचे चांगले तुकडे कापावेत, कडा शिवाव्यात, झाली बाजाराची पिशवी. पहिली पिशवी तशीच केली. मुंगीच्या बापानं तिच्यात कांदे भरून बघितले. सगळे कांदे एकेक करून जमिनीवर आले. जाळं मोठ्या माशांचं होतं, लहान मासा सुटून जावा म्हणून घरं मोठी ठेवलेली.

"जाऊबाईंना सांग, हिच्यात फक्त कलिंगड आणायचं," तो म्हणाला. पुष्कळ दिवसांनी घरात हसू झालं.

मग जाळं पूर्ण सोडवायचं ठरलं. ओल्या सुताच्या जुन्या गाठी दगडासारख्या असतात. आईची नखं मोडली. आबांचे हात गाठीवर ठरेनात. मुंगी शाळेतून आली, दप्तर टाकलं, बाभळीचा एक काटा घेतला आणि गाठीच्या पोटात घालून अलगद फिरवला. गाठ उमलली. तिनं दुसरी घेतली.

तिला मुंगी म्हणायचे ते ती लहानपणापासून काहीतरी उचलून इकडचं तिकडे करत राहायची म्हणून. चौथीत होती, अंगानं काडी, पण बोटं लांब. सुटलेला दोरा तिनं खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड केली. लडी भिजवून, खाली वीट बांधून दोरीवर लटकवल्या की वाळेपर्यंत दोऱ्याचे वळसे निघून जातात. अंगणात त्या विटा हळूहळू फिरत राहायच्या.

गाठ आबांनी शिकवली. आईला ती येत नव्हती. ती शेतकऱ्याच्या घरातून आलेली, इथं आल्यापासून चूल, मासे वाळवणं आणि विकणं तिच्याकडे. जाळं विणणं या घरच्या पुरुषांचं काम होतं आणि तिलाही त्यात कधी रस वाटला नव्हता. ती बाजूला बसून पिशव्यांचे बंद शिवायची आणि ऐकत राहायची.

"खालून वर. मागून फेरा. अंगठा सोडू नकोस, अंगठा सुटला की गाठ गेली. आता ओढ. ओढून बघ."

"सरकली, आबा."

"सरकली म्हणजे ती गाठ नाही, फास आहे. त्याच्यातून मासा जातो. परत."

दोन-तीन संध्याकाळी हे चाललं. मग एकदा मुंगीनं ओढलं आणि गाठ सरकली नाही, आणि तिथून पुढं तिची एकही सरकली नाही. आबांची माप धरायची लाकडी पट्टी तिच्या हाताला रुंद पडत होती, तिनं तिच्याऐवजी पेन्सिल घेतली. पेन्सिलीवर विणलेली घरं इतकी बारीक आणि सारखी यायला लागली की आबा ती पिशवी उजेडाकडे धरून नुसते बघत बसायचे.

"माझ्या बापाचा हात आहे हा," ते सुनेला म्हणाले. "माझा नाही. माझ्याहून वरचा. तुझ्या नवऱ्याकडे आलाच नाही, त्याला घाई."

"ऐकतोय मी," आतून मुंगीचा बाप म्हणाला.

"ऐक की."

मुंगी मान वर न करता विणत राहिली, पण तिचे कान लाल झाले होते.

जाऊबाईंसाठी मोठी पिशवी झाली, त्यांच्या धाकट्या मुलाला चेंडू ठेवायची जाळी झाली, बाहुलीचा झोपाळा झाला. जाळं तरंगत ठेवणाऱ्या जुन्या बुचांची मुंगीच्या बापानं रविवारी बदकं कोरली. गोदामात दुखावलेल्या खांद्यानं तो चाकू चालवत होता आणि प्रत्येक बदकाची मान वाकडी येत होती. सगळं मांडलं तेव्हा मुंगीच्या आईला बरं वाटलं. ही गरिबाघरची वस्तू दिसत नव्हती. कुणीतरी निवांत बसून, आवडीनं केलेली दिसत होती.

राहिला वास. सूत सोड्यात उकळलं होतं, लिंबाच्या सालींत ठेवलं होतं, उन्हात आणि वाऱ्यावर टाकलं होतं. घरातल्या सगळ्यांनी एकेक पिशवी नाकाशी धरली. काही नाही, सगळे म्हणाले. तरी तिचं समाधान होईना. ती पिशवी घेऊन शेजारच्या शिंपिणीकडे गेली. शिंपिणीनं मशीन थांबवलं, पिशवीत तोंड घातलं, दोनदा श्वास घेतला.

"साबणाचा येतो थोडा. छान येतो," ती म्हणाली. "मला पण कर की गं एक."

शिंपिणीचं घर मासे वाळवायच्या ओट्याला लागून होतं, तिचा जन्म त्याच गल्लीतला. हे तेव्हा मुंगीच्या आईच्या लक्षात आलं नाही. ती निश्चिंत होऊन परत आली.

सुट्टीच्या दिवशी सकाळच्या बसनं आबांसकट चौघं निघाले. थंडी होती. मुंगीनं गाठोडं मांडीवर घेतलं होतं आणि पूर्ण वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. पुढच्या बाकावरच्या बाईनं मध्येच खिडकी उघडली. एवढ्या थंडीत खिडकी कशाला उघडतात लोक, असं मुंगीची आई मनात म्हणाली.

थोरल्याचं घर दुकानाच्या वर होतं. दुकान शोभेच्या वस्तूंचं. जाऊबाईच ते बघायच्या, थोरला भाऊ नुसता गल्ल्यावर बसायचा. मागच्या दारानं जिना होता आणि जिन्याखालच्या खोलीत जाऊबाईंची भाची बसली होती. तीसुद्धा शिकायला म्हणून आणलेली, मुंगीहून थोडी मोठी. तिच्यासमोर खोकी होती, रंगीत कागद, डिंकाचा डबा. सुट्टीची गिऱ्हाइकी होती, ती एकामागून एक वस्तू बांधत होती.

मुंगीच्या आईनं चपला काढता काढता तिला विचारलं, कितवीत आहेस आता.

"सध्या नाही जात," भाची म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "सीझन झाला की आत्या बघणार आहे."

तिच्या बोटांवर वाळलेल्या डिंकाचे पापुद्रे होते. एका अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, तीही डिंकानं कडक झालेली. मुंगीच्या बापानंही ते बघितलं. जाळं विणणाऱ्या घरातला माणूस आधी हात बघतो. जिना चढताना त्याचा वेग कमी झाला.

वर खोली बंद होती, उबदार होती, माणसांनी भरलेली. जेवणं झाली. मग भेटी उघडायला घेतल्या. मुंगीनं गाठोडं सोडलं आणि पिशवी काकूच्या हातात दिली. मुलाला जाळी दिली, बाहुलीचा झोपाळा मांडला, बदकं रांगेत ठेवली. जाऊबाईंचा मुलगा जाळी तोंडाजवळ नेऊन थबकला.

"ई, मासे."

कुणीतरी खुसखुसलं. दुसऱ्या एका पोरानं बदक नाकाशी धरलं आणि मेल्याचं सोंग घेऊन जमिनीवर पडला. मग सगळीच पोरं पडायला लागली. मोठ्यांनी त्यांना दटावलं, पण दटावताना त्यांची तोंडंही हसत होती. कुणीतरी उठून खिडकी उघडली. खिडकीचा तो आवाज ऐकला आणि मुंगीच्या आईला बसमधली बाई आठवली, मग शिंपीण, मग ओटा. त्यांच्या अख्ख्या गल्लीत एकही नाक नव्हतं ज्याला हा वास आला असता. तिचा चेहरा तापला. तिनं पदर नीट केला आणि त्या निमित्तानं स्वतःचा वास घेऊन बघितला. तिला काहीच आलं नाही.

"यंदा मासा नाही आला, पण आल्यासारखं वाटलं," थोरला भाऊ म्हणाला. त्याला वाटलं त्यानं सावरून घेतलं.

मुंगी सगळ्यांकडे बघत होती. तिचा खालचा ओठ दातांखाली गेला होता.

जाऊबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी पिशवी उलटी केली होती, खिडकीच्या उजेडाकडे धरली होती आणि अंगठ्यानं एकेक घर चाचपत होत्या. दोन्ही बाजूंनी ओढून बघत होत्या.

"वासाचं काय," त्या म्हणाल्या, "सूत नवं दिलं की वास नाही. हे कुणी केलं?"

मुंगीचा ओठ दातांखालून सुटला. तिनं तोंड उघडलं.

"मी केलं, ताई," तिची आई म्हणाली.

खोलीत तसं काही थांबलं नाही, पोरं अजून पडत होती. पण मुंगीनं वळून आईकडे बघितलं आणि ते बघणं आईनं अंगावर घेतलं. आबांनी चमचा बशीत ठेवला. बशीवर तो थरथरून वाजला.

"तू?" जाऊबाईंनी तिचा हात धरला आणि उलटासुलटा केला. मोडकी नखं, पेरांच्या चिरा. "या बोटांनी एवढी बारीक घरं? आबांच्या हातून तर पाणी सांडतं." त्यांचे डोळे फिरत फिरत खाली आले. "मुंगे, तुझी बोटं दाखव बघू. शाळेत घालूच तुला, पण असा हात असेल तर दुकानातही रमशील तू. बस इथं. एक घर टाकून दाखव काकूला."

त्यांनी एका भेटीला बांधलेली दोरी सोडली आणि मुंगीच्या मांडीवर टाकली. मुंगीनं दोरी उचलली. तिनं एकदा आईकडे बघितलं. आईनं मान हलवली नाही, काही खूण केली नाही. 

मुंगीनं दोरी खालून वर घेतली. मागून फेरा दिला. तिची बोटं सवयीनं भराभर चालली आणि मग मध्येच मंद झाली. तिनं अंगठा उचलला. ओढलं. गाठ सरसर सरकत शेवटाला गेली आणि निघून आली.

"परत कर."

मुंगीनं परत केली. परत अंगठा उचलला. या वेळी दोरीचा गुंता झाला. आबांचा हात आपोआप पुढं आला होता. गाठ चुकली की त्यांचा हात पुढं यायचाच, आयुष्यभराची सवय. तो हात गुंत्यापर्यंत पोचला, तिथं थोडा वेळ थरथरला आणि त्यांनी तो मागं घेऊन गुडघ्यावर ठेवला.

"सोड गं तिला," ते मोठ्या सुनेला म्हणाले. "किती शिकवलं मी. हिच्या हाताला वळणच नाही."

मुंगीनं दोरी मुठीत धरली. तिनं आबांकडे बघितलं नाही.

जाऊबाईंनी पिशवीची घडी केली. त्यांचा आवाज तसाच मोकळा होता. मुंगीच्या शाळेचं पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या, एवढी काय घाई आहे, अजून लहान आहे ती. मग धाकट्या जावेला म्हणाल्या की खरंच तू करत असशील तर दुकानासाठी करून पाठव, असं हातचं घेणारी गिऱ्हाइकं असतात. निघताना त्यांनी नव्या पांढऱ्या सुताचं मोठं रीळ तिच्या हातात दिलं. आधी एक करून पाठव, या हिच्यासारखीच, मग बाकीचं बोलू.

परतीच्या बसमध्ये मुंगी बापाजवळ बसली. बसची खिडकी तिनं स्वतःच उघडून ठेवली होती आणि थंड वारा सगळ्यांच्या तोंडावर येत होता, पण कुणी तिला ती लावायला सांगितलं नाही. बापानं दुखरा खांदा तिच्या बाजूनं काढून दुसरा दिला. ती टेकली नाही. वाटेत एकदाच तो बायकोकडे वाकून हळू म्हणाला, "त्या पोरीचे हात बघितलेस?"

"बघितले."

"मी वहिनीला हो म्हणणार होतो आज." 

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच गोदामात गेला. तलावावर धुकं होतं, होड्या तशाच उपड्या होत्या. आबा अंगणात उन्हाची वाट बघत बसले. त्यांनी मुंगीला हाक मारली, जाळं विणायच्या लाकडी सुईत नवं सूत भरून ठेवलं होतं ते पुढं केलं.

"मला येत नाही ना," मुंगी म्हणाली. "वळण नाही माझ्या हाताला."

आबांनी सुई मांडीवर ठेवली. मान खाली घालून ते तिच्यावरचं सूत उगाच नीट करत राहिले.

मुंगीच्या आईनं चुलीवरचं उतरवलं, हात पुसले आणि ती उंबऱ्यात येऊन बसली. पोरीला जवळ घ्यावं असं तिला वाटत होतं, पण पोर खांबाला टेकून पाठ करून बसली होती. आईनं आबांकडून सुई घेतली. पेन्सिल घेतली. ऐकून ऐकून सगळं पाठ होतं. खालून वर, मागून फेरा. तिनं ओढलं. सरकली.

तिनं परत केली. सरकली. सूत चिरांमध्ये रुतत होतं. दोघींच्या मध्ये पडण्यासारखं हे नाही हे आबांना कळलं होतं. तिनं पुन्हा केली, या वेळी गाठ पडली पण घर इतकं मोठं आलं की त्यातून मुंगीची मूठ गेली असती. तिनं ती काट्यानं सोडवायला घेतली आणि काटा बोटात घुसला.

पाठ केलेल्या मुंगीनं मान वळवली. बोट तोंडात घातलेल्या आईकडे, मांडीवरच्या गुंत्याकडे तिनं बराच वेळ बघितलं.

"तू मुद्दाम करतेस," ती म्हणाली.

"नाही गं."

"मुद्दामच. मला बरं वाटावं म्हणून. मी काल केलं तसं."

"नाही, बाळा." आईनं बोट तोंडातून काढलं. "मला खरंच येत नाही. आणि मला आलंच पाहिजे. नाहीतर हे सगळं रीळ तुझ्याकडं येईल."

 मुंगीनं आईचा हात ओढून घेतला, जाऊबाईंनी बघितला होता तसाच उलटासुलटा करून बघितला. मोडकी नखं, चिरा, नुकतं आलेलं रक्त. तिनं ते आपल्या फ्रॉकला पुसलं. मग बसल्या बसल्या सरकून आईच्या मांडीला मांडी लावून बसली आणि सुई आईच्या बोटांत नीट बसवली.

"खालून वर," ती म्हणाली. "मागून फेरा. आणि हा अंगठा आहे ना, तो सोडायचाच नाही. मी काल सोडला होता."

तिकडे आबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

आईनं अंगठा दाबून धरला आणि ओढलं.

"सरकली," मुंगी म्हणाली. "परत."